चर्चमधली जुनी नाटकं: बघायला कोण बसायचं?

पायपेटी (कुडाळ)
आमच्याकडे जत्रेला पालखी फिरून आली, की मध्यरात्र उलटल्यावर देवळासमोर दशावतार उभा राहतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, लोकांना हसवणारा राक्षस संकासूर, मग आख्यान उजाडेपर्यंत. मी पेटी वाजवतो. बसल्या जागेवरून मला नाटकापेक्षा माणसंच जास्त दिसतात. म्हाताऱ्या पुढे चटईवर, पोरं खाजाच्या दुकानाशी.

मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचलं, की युरोपात नाटक पुन्हा उगवलं ते दहाव्या शतकात, चर्चच्या आत, लॅटिनमधून. आता लॅटिन गाववाल्यांना कळत नसणार. मग हे करायचे कोणासाठी? देवासाठी म्हणावं, तर पूजा होतीच की! आणि संकासुरासारखा कोणी होता का तिथे?

कॉयरवाली (वसई)
सुरुवातीला बहुतेक एकमेकांसाठीच. विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड याने ९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या मठांसाठी नियमावली केली, त्यात ईस्टरच्या पहाटेचा प्रवेश बारकाईने लिहिलाय. एक साधू पांढरा झगा घालून, दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखा, गुपचूप कबरीच्या जागी जाऊन बसतो, हातात खजुराची फांदी. मग तिघे धूपदान्या घेऊन, काहीतरी हुडकत असल्यासारखे हळूहळू येतात. हा गातो, कोणाला शोधता? ते म्हणतात, नासरेथच्या येशूला. हा सांगतो, तो इथे नाही, उठला आहे. घंटा वाजतात, झालं! पांढऱ्या झग्यातला म्हणजे देवदूत, आणि ते तिघे म्हणजे कबरीवर आलेल्या बायका, पण करणारे पुरुष. आणि बघणारे मठातले बाकीचे साधू, ज्यांना ओळ न् ओळ पाठ.

मला यात नवल वाटत नाही. ईस्टरच्या रात्री आम्ही गातो तेव्हा मागे किती लोक आहेत, हे कोण मोजतं?

शिरोड्याचो
अर्धंच पटलं. त्याच नियमावलीत गुड फ्रायडेला क्रूस कापडात गुंडाळून 'पुरण्याचा' विधी आहे, आणि अडाणी लोकांची नि नवख्यांची श्रद्धा पक्की व्हावी म्हणून तो करावा, असं चक्क लिहिलंय. म्हणजे गर्दी डोक्यात होतीच.

पुढे चौदाव्या शतकात लंडनजवळच्या बार्किंगच्या मठात कॅथरिन ऑफ सटन ही मठप्रमुख होती. लोकांची भक्ती थंडावली म्हणून तिने ईस्टरचा विधी नव्याने बसवला. स्वतः सगळ्या नन्सना घेऊन एका लहान चॅपेलात कोंडून घ्यायची. त्या म्हणजे अधोलोकात अडकलेले जीव, आणि धर्मगुरू येशू बनून बाहेरून दार ठोठावणार. तिथे त्या तीन बायका नन्सच व्हायच्या, स्त्रीपार्टी नट नकोच.

पायपेटी (कुडाळ)
ह्या बरा सांगितलात. पण मग देवळातून बाजारात कधी उतरलं?

कॉयरवाली (वसई)
'उतरलं' असं पूर्वी शिकवायचे: आधी चर्च, मग अंगण, मग बाजार. १९६५ मध्ये हार्डिसन या अभ्यासकाने ती शिडीच मोडली. लॅटिनमधले छोटे प्रवेश चर्चमध्ये शतकानुशतकं चालूच राहिले, आणि बाहेर लोकभाषेत वेगळंच काही उभं राहिलं. मला तरी हेच पटतं.

बाहेरचं बघायचं तर इंग्लंडमधलं यॉर्क शहर. कॉर्पस क्रिस्टी, म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराच्या सणाला, उन्हाळ्यात, पहाटे साडेचारपासून चाकांच्या गाड्यांवर सृष्टीच्या निर्मितीपासून शेवटच्या न्यायापर्यंत सगळं. प्रत्येक धंद्याच्या संघाकडे एकेक प्रवेश. नोहाचं जहाज बांधायचे जहाजबांधणीवाले, शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे, आणि येशूला क्रुसावर खिळायचं काम खिळे-टाचण्या करणाऱ्यांकडे! हा शेवटचा योग मला फार क्रूर वाटतो, आणि प्रवेशही तसाच आहे. चौघे शिपाई भोकं चुकीची पाडली म्हणून कुरकुरत, दोर ओढत काम उरकतात.

संकासूर हवा असेल तर मॅक घ्या. वेकफील्डच्या नाटकातला मेंढीचोर. चोरलेली मेंढी पाळण्यात झाकून 'बायको बाळंत झाली' म्हणतो. लोक पोट धरून हसतात, आणि त्याच रात्री देवदूत येऊन खऱ्या बाळाची बातमी देतो.

शिरोड्याचो
बघणाऱ्यांचं राहिलं. यॉर्कात गाड्या ठरलेल्या ठिकाणीच थांबायच्या, आणि १४१७ पासून त्या जागा जास्त पैसे देईल त्याला मिळू लागल्या. घरासमोर गाडी थांबवून मचाण बांधायचं, म्हणजे फुकट बघणारे खाली उभे आणि पैसेवाले वर. १५६९ नंतर धर्मसुधारणेच्या काळात ते बंदच पडलं.

पायपेटी (कुडाळ)
दारात नाटक थांबवण्यासाठी बोली? आमच्या नाटक कंपनीच्या मालकाला हे सांगायला नको.
वाजवणाऱ्यांचं काही लिहिलंय का कुठे?

कॉयरवाली (वसई)
यॉर्कच्या कापडव्यापाऱ्यांच्या संघाची १४३३ ची सामानाची यादी आहे. त्यात नरकाचं तोंड, सैतानांचे मुखवटे, देवाला वर ओढायला चार दोरांचं लोखंडी आसन, आकाशात पळवायला लाल रंगवलेले नऊ छोटे देवदूत आणि त्यांना ओढायची लांब बारीक दोरी. कर्णे आहेत, देवदूतांसाठी. पेटी नाही.