सुपरमार्केटवाल्यांना उरलेलं चांगलं खाणं दान करायची सक्ती करावी का? आपल्या कोल्हापुरात जमंल का हे?

राजारामपुरीकर_०८

मंडळी, एक विचारायचं होतं, जरा लांबलंय पण वाचा. मी गावातल्या एका मार्टमध्ये फ्लोअरला काम करतो, नाव विचारू नका, नोकरी आहे. आमच्याकडं रोज रात्री शटर पडायच्या आधी डंप निघतो. डंप म्हणजे ज्याची तारीख आज-उद्या संपत्या तो माल सिस्टिमला डंप म्हणून मारायचा, मग मागं नेऊन ब्रेडच्या पिशव्या कटरनं फाडायच्या, पनीरची पाकिटं चिरायची, दह्याचे कप फोडायचे आणि वरनं फिनेल ओतायचं. फिनेल कशाला तर कुणी काढून खाऊ नये, खाल्लं आणि पोट बिघडलं तर कंपनीवर येतंय म्हणून. चार टोमॅटो नरम पडले की अख्खं क्रेट जातंय, निवडायला माणूस नाही म्हणत्यात.

मागच्या गेटला पुठ्ठा न्यायला एक मावशी येत्यात. ब्रेड ज्या बॉक्समधनं येतो तो पुठ्ठा त्यांना मिळतो, ब्रेड मिळत नाही. परवा त्या म्हणाल्या पोरा त्यातला एक पुडा दे की, अजून तारीख हाय त्याला, नातवंडं हायत घरात. सुपरवायझर शेजारीच उभा होता, मला नाही म्हणावं लागलं आणि त्यांच्या समोरच फिनेल ओतलं. तेव्हापासनं डोक्यातनं जात नाही हे.

फ्रान्समध्ये म्हणे कायदाच आहे, मार्टवाल्यांनी उरलेलं खाणं फूड बँकेला, म्हणजे दानाचं खाणं गोळा करून गरजूंना वाटणाऱ्या संस्थेला, द्यायचंच, फेकलं तर दंड. मग आपल्याकडं का नको? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, आणि सक्ती केली तर चालंल का तेही सांगा.

बावडेकर_लिऑं

भावा मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये लिऑंला असतो, त्यामुळं हे बऱ्यापैकी जवळनं बघितलंय. कायदा ११ फेब्रुवारी २०१६ चा आहे. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ४,३०० स्क्वेअर फुटाच्या वरचं, त्यांनी एखाद्या सेवाभावी संस्थेशी लेखी करार करायलाच पाहिजे. आणि तुझ्या फिनेलसारखंच हिकडं काही दुकानं कचऱ्यात ब्लीच ओतायची, कुणी उचलू नये म्हणून, तर खाण्यालायक माल मुद्दाम असा खराब करायला बंदी घातली. सुरुवातीला दंड ३,७५० युरो होता, पुढं २०२० च्या कायद्यात तो उलाढालीच्या ०.१ टक्क्यापर्यंत नेला, कारण मोठ्या चेनला पावणेचार हजार युरो म्हणजे काहीच नाही.

पण एक गोष्ट लोक व्हिडिओत सांगत नाहीत. कायदा म्हणतो करार करा, किती माल द्या हे तो सांगत नाही. दुकानानं करार केला आणि आठवड्याला दोन क्रेट दिले तरी कागदावर सगळं बरोबर. तरीही मला तो कायदा चांगलाच वाटतो, कारण करार झाला की संस्थेचा माणूस हक्कानं मागच्या दाराला येऊन उभा राहतो, त्याला कुणी हाकलत नाही.

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. हिकडं पहिली फूड बँक १९८४ ला सुरू झाली, पुढच्याच वर्षी रेस्तो द्यु कर ही गरजूंना जेवण देणारी मोठी संस्था उभी राहिली. गोदामं, फ्रिजच्या गाड्या, माल निवडणारे रिटायर्ड लोक हे सगळं तीस-एक वर्षं हळूहळू उभं राहिलं आणि कायदा त्याच्यानंतर आला. शिवाय दान केलेल्या मालाच्या किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंत टॅक्समधनं वजा होतं, ते कायद्याच्या आधीपासनंच होतं, त्यामुळं बरीच मोठी दुकानं आधीच देत होती. आपण नुसता कायदा उचलला आणि खालचं काहीच नसलं तर कसं व्हायचं?

हिशेबाची_वही

वरच्या पोस्टला धरूनच लिहितो, मी अकाउंटचं काम बघतो, शाहूपुरीतल्या दोन-तीन दुकानांचं रिटर्न माझ्याकडंच असतं. आपल्याकडं टॅक्सच्या बाजूनं दान करणाऱ्याला काडीचा फायदा नाही, हे मूळ दुखणं आहे. जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) बघा. माल नष्ट केला, राइट ऑफ केला किंवा फुकट भेट दिला, तिन्हीला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, घेतलं असेल तर परत भरायचं. म्हणजे बिस्किटाचा बॉक्स कचऱ्यात टाकला काय आणि गरिबाला दिला काय, सरकारच्या लेखी सारखंच. ताजी भाजी, ब्रेड, दूध यांच्यावर जीएसटीच नाही त्यामुळं तिथं हा प्रश्न येत नाही, पण चीज, ज्यूस, बिस्किटं, सॉस यांच्यात येतो. इन्कम टॅक्समधली दानावरची वजावट फक्त पैशाच्या दानाला, वस्तूच्या दानाला नाही, पैसेही रोखीनं दोन हजारांच्या वर दिले तर चालत नाहीत. मग दुकानदार काय विचार करणार? निवडायला माणूस लावा, थंड ठेवा, संस्थेच्या गाडीची वाट बघा, हा सगळा खर्च वर, आणि फिनेलची बाटली स्वस्त. माणसं वाईट आहेत असं मला वाटत नाही, हिशेबच तसा मांडून ठेवलाय.

अजून एक. ब्रँडेड मालाचा निर्णय बऱ्याचदा दुकानाच्या हातातच नसतो. तारीख संपत आलेला माल आरटीव्ही, म्हणजे पुरवठादाराला परत, करून डिस्ट्रिब्युटरकडं जातो, तो कंपनीला क्लेम लावतो, आणि नष्ट करायचं काम तिकडं कुठंतरी होतं. म्हणून सक्ती करायचीच तर कंपन्यांनाही करा, नाहीतर नियम राहील दुकानावर आणि माल मागच्या दारानं निघून जाईल.

नियम अगदीच नाहीत असंही नाही. उरलेलं खाणं गोळा करून वाटायचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, स्वतंत्र नियम २०१९ साली आलेत. ते द्यायलाच पाहिजे म्हणत नाहीत, द्यायचं असेल तर कसं द्यायचं ते सांगतात, वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी, कुणी दिलं आणि कधीपर्यंत खायचं याचं लेबल, नोंदवही, तारीख उलटलेलं वाटायचं नाही. डिसेंबर २०२४ पासून उत्पादक, रिपॅकर आणि आयातदारांना एक्सपायर झालेल्या आणि रिजेक्ट मालाचा आकडा दर तिमाहीला द्यायला सांगितलंय. ह्या यादीत मोठी दुकानंही घाला, निदान किती जातंय ते तरी कळूदे. सक्तीची पहिली पायरी मला हीच वाटते.

अन्नसेवा_ताई

मी आणि आमच्या गल्लीतल्या काही बायका मिळून सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पेशंटच्या नातेवाइकांना संध्याकाळचं जेवण देतो, संस्था वगैरे काही मोठी नाही. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, अगदी कोकणातनं आणि बेळगावकडनं सुद्धा लोक येतात, पेशंट आत आणि हे व्हरांड्यात, खिशात औषधापुरते पैसे. त्यामुळं ह्या विषयावर मला बोलायचंय आणि स्पष्ट बोलायचंय.

आम्हाला उरलेलं चालतं, पण उकिरडा म्हणून आमच्याकडं बघू नका. एका दुकानानं मध्यंतरी आम्हाला माल द्यायला सुरुवात केली, फोन यायचा रात्री साडेदहाला, या घेऊन जा. रिक्षा करून जायचं तर कोथिंबीर काळी पडलेली, दूध त्याच रात्री संपणारं, ते आम्ही कुणाला आणि कधी द्यायचं? शेवटी ते फेकायचं काम आमच्यावर आलं आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीवाल्याची बोलणी आम्हाला खावी लागली. २०१९ च्या महापुरात शिरोळच्या बाजूला हेच बघितलंय, लोकांनी लई मनापासून पाठवलं, त्याबद्दल आयुष्यभर ऋणी आहोत, पण एकाच शाळेत ब्रेडचे ढीग, बांधून आलेल्या चपात्यांना बुरशी, आणि पुढच्या वाडीत तांदूळ नाही. माल असून उपयोग नसतो, कुठं काय पाहिजे हे सांगणारं कुणीतरी मधे लागतंच.

आणि खाणारा माणूस काय खातो ते तरी बघा. चंदगडचा आजोबा दिवसभर उपाशी आहे, त्याला आमटी-भात पाहिजे, चीज स्लाइस देऊन काय करणार तो. म्हणून माझं मत असं आहे की पाकिटं वाटण्यापेक्षा माल स्वयंपाकघरात जाऊदे. नरम टोमॅटो आम्हाला दहादा चालतील, दुपारी मिळाले तर रात्री त्याचं सार होतं. दुधी, कोबी, बटाटा, डाग पडलेला असला तरी चिरताना कळतं किती टाकायचं ते. डाळीचं पाकीट तारखेच्या पंधरा दिवस आधी मिळालं तर सोनं आहे आमच्यासाठी. हेच ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या आसपास मजुरांच्या कोप्यांवर पोचवता येईल, तिथली पोरं सकाळी नुसता चहा घेऊन असतात.

कायदा करायचा असेल तर त्यात हे लिहा की निवडायचं काम दुकानाचं, संस्थेचं नाही. वेळ आधी कळवायची. आणि खराब माल नाकारायचा हक्क संस्थेला पाहिजे. एवढं असेल तर सक्तीला माझा शंभर टक्के पाठिंबा. आणि देताना फोटो काढू नका हो, घेणाऱ्याची मान खाली जाते.

लक्ष्मीपुरी_होलसेल

ताईंचं सगळं पटतंय पण सक्तीला माझा विरोध आहे, कारण सांगतो. आपल्या जिल्ह्यात मार्ट आहेत किती? लोक अजून किराणा, मंडई आणि आठवडी बाजारावरच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा रिपोर्ट बघा, २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरातनं, २८ टक्के हॉटेल-केटरिंगमधनं आणि दुकानांमधनं फक्त १२ टक्के. भारतात घरटी सोडा, माणशी ५५ किलो वर्षाला घरातनंच जातंय असा अंदाज आहे त्यात. लग्नसराईत एखाद्या मंगल कार्यालयाच्या मागं रात्री अकराला जाऊन बघा, बासुंदीची पातेली, मसालेभाताचे टोप. मार्केट यार्डात भाव पडला की मेथीच्या पेंढ्या तिथंच टाकून शेतकरी गाडी रिकामी करून जातो. मार्टवर कायदा केला की सगळ्यांना वाटणार काम झालं, आणि मोठा भाग तसाच राहणार.

सक्ती केली की लोक पळवाट काढतात, आजची तारीख संपलेला माल संस्थेच्या दारात नेऊन ठेवतील आणि दानाची पावती घेतील. त्यापेक्षा संध्याकाळी सातनंतर अर्ध्या किमतीत विका, घेणारा स्वतःच्या पैशानं घेतो, त्याला कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

बावडेकर_लिऑं

होलसेल दादा, आकडे बरोबर आहेत, पण दुकानातला माल आणि घरातला उष्टा-शिळा ह्यात फरक आहे ना. दुकानातला माल सीलबंद असतो, तारखेसकट असतो आणि एका जागी रोज मिळतो, त्यामुळं १२ टक्के असला तरी माणसाच्या पोटात जाऊ शकेल असा तोच सगळ्यात जास्त. घरातलं ताटातलं कोण गोळा करणार?

सक्ती नको म्हणणाऱ्यांनी इटलीचं बघा, त्यांचा कायदा पण २०१६ चाच, त्यात दंड नाही, कागदपत्रं सोपी केली आणि जो दान करेल त्याचा कचऱ्याचा कर कमी करायची मुभा तिथल्या नगरपालिकांना दिली. चेक प्रजासत्ताकात उलटं, २०१८ पासनं ४०० चौरस मीटरच्या वरच्या दुकानांना सक्ती, काही खासदार कोर्टात गेले पण तिथल्या घटनात्मक न्यायालयानं कायदा कायम ठेवला. अमेरिकेत १९९६ पासनं असा कायदा आहे की चांगल्या हेतूनं दिलेल्या खाण्यावरनं दात्यावर केस होत नाही, म्हणजे ते फिनेल ज्या भीतीनं ओततात ती भीतीच काढून टाकली.

हिशेबाची_वही

इटलीसारखं इथं करता येईल की. घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा काढणारे सगळे बल्क जनरेटर धरलेत, त्यांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवायचा असं त्यात आहे. मोठं दुकान त्यात येतंच. महापालिकेनं ठरवलं की जो मार्ट दर महिन्याला संस्थेच्या सही-शिक्क्याची पोच दाखवेल त्याला घरफाळ्यात थोडी सूट, आणि जो खाण्यालायक माल फिनेल ओतून झूमला, म्हणजे महापालिकेच्या कचरा डेपोला, पाठवेल त्याला दंड, तर दिल्लीच्या कायद्याची वाट बघायला नको. होलसेल दादांची पळवाटीची शंका पण ह्यात भागते, कारण पोच देणारी संस्था आहे, खराब माल आला तर ती सहीच करणार नाही.

लक्ष्मीपुरी_होलसेल

घरफाळ्यात सूट देत असतील तर मी माझ्या गोडाऊनमधनं उद्यापासनं डाळ-तांदूळ देतो, त्यात काय. दानाची सक्ती पटत नाही पण नासाडीला दंड पटतो मला. खायचं खाणं मुद्दाम नासवायचं हे आपल्यात कधीच नव्हतं, मंडईत पण शेवटचा वाटा फुकट देऊन लोक घरी जातात.

राजारामपुरीकर_०८

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज मॅनेजरशी बोललो, ते माणूस चांगले आहेत, म्हणाले माझ्या हातात असतं तर कालच दिलं असतं, पण हेड ऑफिसला लेखी लागतं, संस्थेची एफएसएसएआय नोंदणी लागते आणि पुढं काही झालं तर जबाबदारी कुणाची हे कागदावर लागतं. ब्रेड आणि भाजी हे दोनच आधी सुरू करून बघू म्हणाले, दही-पनीर नको, थंड ठेवायची सोय नसेल तर धोका आहे. ताई, तुमची नोंदणी आहे का? नसेल तर कुणाच्या नावावर करता येईल?

अन्नसेवा_ताई

आमची स्वतःची नाही, पण शेजारच्या पेठेतल्या एका ट्रस्टची आहे, अन्नछत्र चालवतात, त्यांच्याशी बोलते. पत्र त्यांच्या लेटरहेडवर देऊ, काय मिळालं त्याची वही आम्ही ठेवू. हिशेबाची वहीवाले दादा, करारात काय काय लिहायचं ते जरा मराठीत टाइप करून द्याल का, नाकारायचा हक्क आणि वेळेचं नक्की घाला. दही-पनीर सध्या नकोच, तुमचे मॅनेजर बरोबर बोलले.

राजारामपुरीकर दादा, तुम्ही एवढंच करा, डंपची एंट्री रात्री साडेनऊला मारता ती दुपारी तीन-चारला मारता येत्या का ते विचारून बघा, भाजीपुरती तरी. चारला कळलं तर पाचला आमची गाडी येईल आणि सातच्या आमटीत तो माल जाईल. आणि त्या मावशींना सीपीआरच्या गेटवर पाठवा, नातवंडांना घेऊन, डबा आणला तर घरी पण न्यायला देऊ.

हिशेबाची_वही

करार टाइप करतो, रविवारपर्यंत इथंच टाकतो, सगळ्यांनी वाचून दुरुस्त्या सांगा.