जुन्या गाडीत इग्निशनचा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकायचं का? खान्देशात फिरायचं असेल तर माझं मत नाही

पद्मिनी जळगाव
वडिलांची १९८५ ची पद्मिनी आहे, १०८९ सीसी, अजून घरातलीच. दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये सीबी पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा छोटा स्विच) आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डब्यात, त्याच कामाचं इलेक्ट्रॉनिक किट टाकून घेतलं. डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरखाली चुंबकाची रिंग, बाजूला सेन्सर, लाल वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) प्लसला, काळी मायनसला, झालं. गाडी मस्त चालली, खोटं नाही बोलणार, सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट.

पण मे महिन्यात धुळ्याचं लग्न आटोपून परत येताना पारोळ्याच्या अलीकडे दुपारी दोनला चालती गाडी बंद पडली. ना मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं) ना झटका, जसं कोणी चावीच काढून घेतली. आई मागच्या सीटवर, बाहेर ऊन असं की बोनेटला हात लागत नव्हता. कॉइलकडून येणारी मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून सुक्या फडक्याने ब्लॉकजवळ धरली, भावाने सेल्फ मारला, स्पार्क नाहीच. नशीब की जुनी पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर डिकीत पडलेले होते. ते बसवले, बारीक वायर कॉइलच्या मायनसला जोडली, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) नव्हतं म्हणून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने पॉइंटचा गॅप धरला आणि अर्ध्या तासात गाडी चालू.

म्हणून सांगतो, पॉइंट खराब होण्याआधी आठ दिवस कुरकुर करतो, आणि पॉलिश पेपर असला तर रस्त्यावर दुरुस्तही होतो. किट सरळ मरतं.

भुसावळ वायरिंग
भाऊ, नाही पटलं. तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, किट आपणहून मेलेलं मी फार कमी पाहिलंय, वायरिंगने मारलेलीच जास्त. आधी सांग, कॉइल कोणती आहे आणि तिचा ओहम (रोध) मोजला का?

कॉइल दोन तऱ्हेच्या मिळतात आणि दुकानदार दोन्ही बारा व्होल्टची म्हणूनच देतो. एक साधारण ३ ओहमची, ती सरळ इग्निशन स्विचवरून चालते. दुसरी साधारण १.५ ओहमची, तिच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी ठेवणारा रोध) लागतोच, आणि सेल्फ मारताना तेवढा तो बायपास होतो कारण तेव्हा बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास उतरते. बॅलास्ट न लावता ही दुसरी कॉइल जोडली की चारेक ॲम्पिअर जायच्या जागी आठ जातात. मग किटचं काय, कॉइल पण तापते.

शिरपूर बायपास
वरच्या काकांशी सहमत, आणि अजून एक मुद्दा. पॉइंट कुठेही दुरुस्त होतो हे जुन्या काळाचं झालं. मागच्या महिन्यात माझी ॲम्बेसेडर सेंधव्याच्या घाटात मिसिंग मारायला लागली, तीन गॅरेज फिरलो, पोरांनी आधी स्कॅनरचं सॉकेट शोधलं. पॉइंटचा गॅप किती ठेवायचा हे एकालाही माहीत नव्हतं. ज्याला स्वतःला जमतं त्याच्यासाठी पॉइंट ठीक आहे, माझ्या बायकोने एकटीने गाडी नेली तर ती लग्नपत्रिका घेऊन काय करणार?

अमळनेर
@शिरपूर बायपास गॅरेजवाल्यांना येत नाही म्हणून आपण चांगली वस्तू फेकायची हे मला मान्य नाही, शिकायला एक दुपार लागते. गॅप साधारण ०.४ मिमी, पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) टोकावर असताना मोजायचा. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं आणि गाडी चढाला मरगळते. म्हणून गॅप बदलला की टायमिंग पण बघायचं, नाहीतर शिव्या पॉइंटला.

आणि मूळपणाचं पण बघा. २०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. नियम चेसिस, बॉडी, इंजिनचा आहे, पॉइंटसाठी कोणी अडवणार नाही हे मला पण माहीत आहे. पण बोनेट उघडल्यावर जे कंपनीने बसवलं तेच दिसावं असं मला मनापासून वाटतं.

भुसावळ वायरिंग
मन ठीक आहे भो, पण ४००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनला मिनिटाला आठ हजार ठिणग्या लागतात. तेवढ्या वेळा तो पॉइंट उघडतो आणि मिटतो. झिजणारच तो. सेन्सरला घासायला काही नाही.

पद्मिनी जळगाव
काकांनी सांगितलं म्हणून आज कॉइल मोजली. दोन्ही वायरी काढून मीटर २०० च्या रेंजवर, १.८ आलं. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३ दाखवत होतं, म्हणजे कॉइल १.५ ची. बॅलास्ट कुठेच नाही. ही कॉइल किटच्याही आधी बदललेली आहे, म्हणजे चूक किट टाकायच्या आधीची.

आणि खरं सांगायचं तर पारोळ्याला बसवलेला पॉइंट काढून बघितला, एवढ्यातच एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टोक आणि कड निळसर पडलीय.

भुसावळ वायरिंग
मग झालं की. आठ ॲम्पिअरने तो पण जळतोच आहे, फक्त हळू. ३ ओहमची कॉइल टाक. नवीन किट घेतलंस तर तीन गोष्टी. लाल काळी उलटी झाली तर किट तिथेच गेलं. बॅलास्टवाली गाडी असेल तर लाल वायर बॅलास्टच्या आधी, स्विचच्या बाजूने घ्यायची, म्हणजे पूर्ण व्होल्टेज मिळतं. आणि गाणी ऐकायला चावी ऑन ठेवून झाडाखाली बसायचं नाही, इंजिन बंद आणि चावी चालू असली की बऱ्याच किटमधून करंट वाहत राहतो. कोणाकडे फार जुनी प्लस अर्थिंगची (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर हे जोडकाम जसंच्या तसं करू नका, ते उलटं आहे.

शिरपूर बायपास
म्हणजे किट निर्दोष. पहिलीच ओळ बदल आता.

पद्मिनी जळगाव
वर्कशॉपवाल्याने न मोजता बसवलं हे मान्य, किटची त्यात चूक नाही हेही मान्य. पण ओळ नाही बदलणार. त्याच चुकीच्या कॉइलवर किट रस्त्यात मेलं आणि पॉइंटने आईला घरी आणलं. ३ ओहमची कॉइल आणि नवा पॉइंट, कंडेन्सर घेतोय. @अमळनेर, प्लग वायरी काढायच्या आधी खुणा नाही केल्या, सिलिंडरांना ठिणगी द्यायचा क्रम १-३-४-२ माहीत आहे पण रोटर कोणत्या बाजूने फिरतो ते कसं बघू?

अमळनेर
कॅप उचल, मधली वायर ब्लॉकला नीट अर्थ कर, गाडी न्यूट्रलला, कोणाला तरी सेल्फचा एक टिचका मारायला सांग, दिसेल. त्याच दिशेने १ पासून लावत जा. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आला की रोटर ज्या टोकाकडे बघतो ते एक. आणि सकाळी सहाला कर, दहानंतर त्या बोनेटखाली हात घालवणार नाही.