मदत हवी आहे: मास्टर्स, एमकॅट आणि बायोकेमिस्ट्री एकाच सत्रात कशी निभवावी?

मैत्रेयी_न्यूजर्सी
नमस्कार. मी बायोमेडिकल सायन्समध्ये एक वर्षाचे मास्टर्स करते आहे आणि हे शेवटचे सत्र आहे. एप्रिलच्या अखेरीस एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा आहे, जूनमध्ये मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचे आहेत आणि बी.एस.ला बायोकेमिस्ट्रीत सी मिळाल्यामुळे तोच विषय आता वरच्या पातळीवर घेतला आहे. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी वर्ग आणि रात्री एमकॅटचे प्रश्न असा दिवस जातो. दहानंतर वाचलेला उतारा सकाळी अजिबात आठवत नाही. विषय सोडण्याची मुदत शुक्रवारी संपते. बायोकेमिस्ट्री सोडू की नको, एवढेच विचारायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

शरयू
मैत्रेयी, एवढ्या माहितीवर हो किंवा नाही सांगणे योग्य होणार नाही. पदवीचा जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक किती आहे? सराव परीक्षेत किती गुण मिळतात आणि कोणता विभाग मागे पडतो? या सत्रात एकूण किती क्रेडिटे घेतली आहेत?

हेमंत_डी
माझा मुलगा याच वाटेने गेला आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. बायोकेमिस्ट्री लगेच सोड आणि सगळा वेळ एमकॅटला दे. ॲमकासच्या, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जात मास्टर्सचे गुण वेगळ्या रकान्यात जातात, पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत. तो सी जिथे आहे तिथेच राहणार, मग त्याच विषयासाठी पुन्हा रात्री का जागवायच्या?

मैत्रेयी_न्यूजर्सी
पदवीचा जीपीए ३.४ आहे. मागच्या सराव परीक्षेत ५०३ मिळाले, त्यात कार्सचे, म्हणजे उतारे वाचून उत्तरे देण्याच्या विभागाचे १२३. एकूण नऊ क्रेडिटे आहेत. मुदत शुक्रवारी आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

अनिकेत_बॉस्टन
हेमंतकाका, रकाना वेगळा असतो हे खरे, पण प्रवेश समिती तो वाचतेच. जीपीए थोडा कमी असलेले विद्यार्थी मास्टर्स करतात ते अवघड विज्ञान पेलते हे दाखवण्यासाठीच. जॉर्जटाउन विद्यापीठाचा अशा स्वरूपाचा अभ्यासक्रम १९७५पासून चालू आहे आणि त्यात विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकतात. ज्या विषयात आधी सी मिळाला, त्याच विषयापुढे आता डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण दिसली तर समितीच्या मनात शंका येणारच. शिवाय एमकॅटच्या चारांपैकी एका विभागाचे नावच जीवशास्त्र आणि जैवरसायन यांवरून आले आहे. वर्गात शिकलेली चयापचयाची साखळी त्या परीक्षेत थेट उपयोगी पडते.

हेमंत_डी
अनिकेत, उपयोगी पडेल, पण परीक्षागृहात साडेसात तास बसावे लागते, त्यासाठी डोके ताजे हवे की नको? ५०३ वर अर्ज केला तर अंडरग्रॅडच्या ३.४ ला आधार कशाचा मिळणार?

वृषाली_पुणे
इतका त्रास घेण्यापेक्षा भारतात येऊन 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यावी, असे मला मनापासून वाटते. माझ्या भाच्याने ती दिली आणि आता तो एमबीबीएस करतो आहे. पदवीची चार वर्षे आधी घालवावी लागत नाहीत.

अनिकेत_बॉस्टन
वृषालीताई, तिची पदवी झालेली आहे. तिकडून परत यायचे तर यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा आणि त्यानंतर रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी मॅच, हा सगळा वेगळा प्रवास आहे. तिचा प्रश्न शुक्रवारचा आहे.

शरयू
नऊ क्रेडिटांचा उल्लेख वाचून विचारते. मैत्रेयी, तू कोणत्या व्हिसावर आहेस?

मैत्रेयी_न्यूजर्सी
एफ-१, विद्यार्थी व्हिसा. मी नववीत असताना नाशिकहून इथे आले, तेव्हा बाबांमुळे एच-४, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा होता. एकवीस पूर्ण होताच तो संपला. त्याचा इथे काय संबंध आहे?

शरयू
फार मोठा संबंध आहे. एफ-१वर पूर्णवेळ शिक्षण आवश्यक असते आणि बहुतेक विद्यापीठांत मास्टर्ससाठी त्याचा अर्थ सत्राला नऊ क्रेडिटे असा होतो. डीएसओची, म्हणजे विद्यापीठात विद्यार्थी व्हिसाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी न घेता विषय सोडलास तर तुझा व्हिसाचा दर्जाच धोक्यात येईल. शेवटच्या सत्रात सूट मिळते, पण पदवी पूर्ण व्हायला तेवढेच विषय उरले असतील तरच, आणि तीही आधी मागावी लागते. त्यामुळे बायोकेमिस्ट्री सोडू नकोस, एमकॅट पुढे ढकल. दहा दिवसांच्या आत आलेल्या तारखेत बदल करता येत नाही आणि परीक्षा जवळ येते तसे शुल्कही वाढते, म्हणून हे याच आठवड्यात कर. मे महिन्यात वर्ग संपतील, मग जूनच्या अखेरीपर्यंत दिवस तुझे स्वतःचे असतील. गुण साधारण महिन्याभराने येतात, परंतु अर्जाची पडताळणी त्यांच्यासाठी थांबत नाही. जूनमध्ये एकच कॉलेज निवडून अर्ज पाठव आणि गुण हाती आले की बाकीची कॉलेजे जोड. कार्ससाठी मात्र आजपासून रोज सकाळी, डोके ताजे असताना, दोन उतारे वेळ लावून सोडव. तो विभाग शेवटच्या महिन्यात घोकून वर येत नाही.

हेमंत_डी
शरयूताईंचे म्हणणे पटले, व्हिसाची बाब मला ठाऊक नव्हती. पण मैत्रेयी, कर्जाचाही विचार कर. १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होत आहे आणि मेडिकलसाठी वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा येते आहे.

अनिकेत_बॉस्टन
काका, सरकारी कर्ज एफ-१वर मुळातच मिळत नाही. तिच्यासाठी त्याहून महत्त्वाचे हे आहे की बहुतेक सरकारी मेडिकल स्कूल आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना घेत नाहीत आणि घेणाऱ्या काही खासगी संस्था फीचे पैसे आधीच दाखवायला सांगतात. एमएसएआर या मेडिकल स्कूलांच्या माहितीकोशात प्रत्येक कॉलेजचे धोरण दिलेले असते. यादी तिथून कर, नावलौकिकावरून नको.

मैत्रेयी_न्यूजर्सी
शरयूताई, मनापासून आभार. माझ्या ॲडव्हायजरने व्हिसाचा विषयच काढला नव्हता. उद्या सकाळी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाते आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात जागा आहे का ते पाहते. प्रयोगशाळेतले काम कमी करून मागितले तर प्राध्यापकांच्या शिफारसपत्रावर परिणाम होईल का?

शरयू
कारण सांगून आणि किती तास कमी हवेत ते स्पष्ट करून मागितलेस तर सहसा होत नाही. मात्र शिफारसपत्राची विनंती त्याच भेटीत करू नकोस, मे महिन्यात वेगळी वेळ घे. आणि जूनच्या जागा झपाट्याने भरतात. न्यू जर्सीत मिळाली नाही तर पेनसिल्व्हेनियाची केंद्रेही पाहा.