मदत हवी आहे: पाताळतुंबडीचा वेगळा प्रकार सापडलाय, त्याचं रीतसर वर्णन कसं करावं?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावात शिक्षिका आहे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं, पण ते सोडून एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे काही चुकलं तर सरळ सांगा, राग येणार नाही.

आमच्या गावामागे मुरमाड माळ आहे. कुसळी गवत, मधे मधे तरवड, बाकी उघडा दगड. तिथे पावसाळ्यात पाताळतुंबडीच्या वेली जमिनीतल्या कंदातून (तो खातात) फुटून गवताचा आधार घेऊन वर येतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा, रॉक्सबर्गने 1795 साली दिलेलं. नेहमीची तुंबडी मी लहानपणापासून पाहिलीय: बोटाच्या पेराएवढं फूल, बुडाशी फुगीर, वर निमुळती हिरवट-पांढरी नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना जुळून झालेली कंदिलाची जाळी. त्या पाकळ्या जांभळट-काळसर असतात आणि त्यांवर बारीक केस असतात.

तीन वर्षांपूर्वी माळाच्या उत्तर उतारावर ज्या वेली दिसल्या, त्यांच्या पाकळ्या पिवळसर हिरव्या होत्या. जांभळ्याचा ठिपकाही नाही. दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली बघितलं तर पाकळ्यांवर केसही नाहीत. एक फूल ब्लेडने उभं चिरलं, तेव्हा नळीच्या आतले केस मात्र होते, टोकं खाली वळलेली, आणि फुगीर भागात दोन चिलटं जिवंत फिरत होती. म्हणजे माशी कोंडून ठेवण्याचा आणि केस सुकले की तिला परागपुंजासकट सोडून देण्याचा मूळ कारभार तसाच आहे. फरक फक्त वरच्या जाळीत आहे. पानं मांसल, लांबट, पण चिंचोळी नाहीत.

माझा पहिला प्रश्न पानांवरूनच आहे. याच जातीत रुंद पानांची ती बल्बोसा आणि चिंचोळ्या पानांची ती लुशी, असे दोन प्रकार पूर्वी पाडलेले आहेत, आणि आज बरेच अभ्यासक दोन्ही एकच धरतात. पिवळ्या पळसालाही रंगावरून ल्युटिआ हे व्हरायटीचं (जातीखालच्या प्रकाराचं) नाव मिळालेलं आहे. मग नुसता रंग बदलला तर ती व्हरायटी म्हणायची की फॉर्म (व्हरायटीच्याही खालची, किरकोळ फरकाची पातळी)? माझ्याकडे रंग, केस नसणं आणि एकाच उतारावरचा गट अशा तीन गोष्टी आहेत. एवढ्याने व्हरायटीचा दावा टिकेल का?

पुस्तकांत शोधायला गेलं तर आपल्याकडची अडचण तुम्हाला माहीत आहे. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचं वर्णन करणारा ग्रंथ (1901 ते 1908), निघाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्यात आपला भाग नाही. व्ही. एन. नाईक सरांच्या 1998 च्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'मधलं वर्णन मी वहीत उतरवून आणलंय आणि त्याच्याशी एकेक माप ताडून बघतेय.

नामकरणाचे नियम वाचले. 1 जानेवारी 2012 पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत चालतं, आणि आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकात पीडीएफ स्वरूपात आलं तरी ग्राह्य धरतात. पण एक होलोटाइप नमुना (नवं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं तो) ठरवावा लागतो आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवला ते लिहावं लागतं. इथेच माझा जीव अडकलाय.

पहिल्या वर्षी मी 43 वेली मोजल्या होत्या. तेव्हा भाबडेपणाने एका ओळखीच्या निसर्गप्रेमीला फोटो पाठवले. त्यांनी ते गावाच्या नावासकट समाजमाध्यमांवर टाकले. पंधरा दिवसांत माळावर खड्डे दिसले, हातभर अंतरावर एकेक, कंद काढून नेलेले. दुसऱ्या वर्षी 31 राहिल्या, यंदा 26.

म्हणून विचारते: कंद न उपटता, फुलांसकट फांदी दाबून आणि काही फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून (दाबली की कंदील चपटा होतो) होलोटाइप करता येतो का? नियमात कंद हवाच असं मला कुठे दिसलं नाही, पण शोधनिबंध तपासणारे अडवतील का? आणि पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण, आघारकर संस्था, मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम किंवा आपलं विद्यापीठ, यांपैकी कुठून कुणी इथवर यायला तयार होईल? जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची नोंदवही असते, तिच्यात आत्ता नोंद केली तर संरक्षण मिळेल, की पुन्हा पत्ता उघडा पडेल?

आणखी एक. माळावर शेळ्या चारणारे एक धनगर आजोबा आहेत. त्यांना फूल दाखवलं तर म्हणाले, "बाई, ही पिवळी तुंबडी. काळीपरीस गोड लागती. आमचा बाप खायचा, पर जागा कंदी रिकामी न्हाई केली त्यानं." नखाने साल काढून दाखवायला त्यांनी कंद मागितला, मी नको म्हटलं, त्यांनीही हट्ट केला नाही. शोधनिबंध झालाच तर 'पिवळी तुंबडी' हे नाव त्यात यावं, कारण हा वेगळेपणा माझ्या कितीतरी आधी त्यांनी ओळखला होता.

फोटो, मापं, तारखा सगळं आहे. ठिकाण इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका. जे खरोखर काम करणार आहेत त्यांना स्वतः घेऊन जाईन.

भर, दोन दिवसांनी: सर, तुम्ही विचारलंत की सावलीमुळे किंवा मातीमुळे रंग बदलला असेल का. मलाही तीच शंका होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका वेलीच्या शेंगा तडकल्या तेव्हा म्हातारीसारखं उडणारं बी गोळा करून अंगणात कुंड्यांत लावलं, साधी काळी माती, दिवसभर ऊन. नऊ रोपं जगली, त्यातल्या दोघींना यंदा फुलं आली. दोन्हींची जाळी पिवळसर, केसांशिवाय. परागण उघड्यावरच झालेलं, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही हे कळतं. उरलेल्या सात फुलल्या की इथेच कळवते. माळावरची फुलं मात्र सप्टेंबरअखेर संपतील आणि वेली सुकून जमिनीत जातील, तेव्हा यायचं असेल तर त्याआधी सांगा.