पंपाच्या बॉडीचे नमुने घेऊन बेळगावहून चेन्नईला रेल्वेने जायचे आहे, आखणी योग्य आहे का?

उद्यमबागकर:

नमस्कार. उद्यमबागेत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगवर काम करून आम्ही हायड्रॉलिक गिअर पंपाच्या बॉडी तयार करतो, आणि आजवरचे आमचे सगळे गिऱ्हाईक पुणे, कोल्हापूर, हुबळी या टापूतले आहे. आता चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने नमुने घेऊन समक्ष बोलावले आहे. भेट शुक्रवारी सकाळी साडेदहाला आहे. बंगळूरच्या पुढे मी कधीही गेलेलो नाही.

माझी आखणी अशी आहे: बुधवारी रात्री बेळगावहून निघायचे, गुरुवारी दिवसभर बंगळूरमधली दोन-तीन कामे उरकायची, रात्री चेन्नई मेल धरायची आणि शुक्रवारी पहाटे उतरून थेट भेटीला जायचे. त्यामुळे लॉजचा खर्च वाचेल. सोबत सहा बॉडी आहेत आणि पेटीसह वजन बावीस किलोच्या आसपास भरते. सांबऱ्याच्या (बेळगावच्या) विमानतळावरून विमानाने जाण्याचा विचार केला होता, पण देशांतर्गत विमानात साधारणपणे पंधरा किलोच सामान नेता येते, म्हणून तो सोडला. ही पेटी रेल्वेच्या डब्यात चालेल का, चेन्नई सेंट्रलवरून अंबत्तूरला कसे जावे आणि तिथे भाषेचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीचा प्रवासी:

साहेब, आपली आखणी कागदावर बरोबर आहे, तरी मी ती करू देणार नाही, कारण हीच चूक मी सहा वर्षांपूर्वी केली आहे. चेन्नई मेल पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास पोहोचते. तेव्हापासून साडेदहापर्यंत बावीस किलोची पेटी सांभाळत आपण प्रतीक्षालयात बसणार, तिथेच दाढी-आंघोळ उरकणार आणि दोन रात्रींच्या अर्धवट झोपेनंतर दराची बोलणी करणार. समोरचा खरेदी अधिकारी मात्र घरून झोप काढून आलेला असतो.

पण माझे नुकसान झोपेने केले नाही, गंजाने केले. मी व्हॉल्व्हच्या बॉडी वर्तमानपत्रात आणि कापसाच्या वेस्टमध्ये गुंडाळल्या होत्या. रात्रभर वातानुकूलित डब्यात ते लोखंड थंडगार झाले आणि पहाटे समुद्रकाठच्या दमट हवेत बाहेर आले. थंड धातूवर दमट हवेतले पाणी लगेच सुटते, हे शाळेत शिकलेले त्या वेळी आठवले नाही. सकाळी गिऱ्हाइकाच्या टेबलावर कागद सोडला, तेव्हा ग्राइंडिंग केलेल्या चकचकीत तोंडावर माझ्याच अंगठ्याचा ठसा तांबूस रंगात उमटलेला होता, रेषान् रेषा मोजता यावी इतका स्पष्ट. बोटाच्या घामातल्या मिठाने आपले काम केले होते. तपासणी विभागातल्या गृहस्थांनी त्यावर फक्त नख फिरवले आणि काही न बोलता पुढचा नमुना उचलला. मापे सगळी बरोबर होती, पण त्यानंतर दर कसा मागायचा?

तेव्हापासून मी नमुने धुऊन, पूर्ण वाळवून, हातमोजे घालूनच हाताळतो. त्यांवर गंजरोधक तेल लावतो, बोअरना (आतल्या भोकांना) प्लॅस्टिकच्या टोप्या बसवतो, प्रत्येक नमुना व्हीसीआय कागदात (गंज रोखणाऱ्या खास कागदात) गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती पिशवी लगेच उघडत नाही. रात्रभर पेटी खोलीत ठेवून धातू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि सकाळी तेल पुसून नमुने न्यावेत. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आपल्याइतकाच त्या बॉडींनाही हवा आहे. लॉजचे पैसे नमुन्याच्या खर्चात धरावेत.

तेव्हा बुधवारी रात्रीच निघावे, मात्र गुरुवारी बंगळूरमध्ये दिवस न घालवता दुपारची गाडी धरावी. वृंदावन, डबल डेकर किंवा म्हैसूरहून येणारी शताब्दी यांपैकी कोणतीही चालेल. या गाड्या रात्री आठ ते साडेनवाच्या दरम्यान चेन्नई सेंट्रलला पोहोचतात. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या थोडे पुढे आहे. बंगळूरमधली कामे परतीच्या वाटेवर, शनिवारी सकाळी करावीत. शुक्रवारी रात्रीची मेल शनिवारी पहाटेच बंगळूरला सोडते, आणि दुपारी तिथून बेळगावला येणारी वंदे भारत रात्री उशिरा घरी पोहोचवते. ही गाडी ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली आहे.

एक खबरदारी घ्यावी. बेळगाव ते बंगळूर आणि बंगळूर ते चेन्नई अशी दोन तिकिटे काढली, तर आयआरसीटीसीवर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्यावेत. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्दीकरणाचा आकार न कापता परत मिळतात. ही सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे. गाडी कोणत्या स्थानकावर संपते, तेही पाहावे. बंगळूरला जाणाऱ्या काही गाड्या यशवंतपूरला किंवा सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनलला संपतात. आपल्याला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, म्हणजे बंगळूरचे मुख्य स्थानक हवे. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने गेलात, तर गाडीला नाव कित्तूरच्या राणीचे आणि उतरण्याच्या स्थानकाला नाव तिच्याच सैन्यातल्या रायण्णाचे, त्यामुळे तिथपर्यंत तरी आपण आपल्याच जिल्ह्यात आहोत असे समजायला हरकत नाही.

खानापूरकर:

सेंट्रल ते अंबत्तूर या प्रवासासाठी टॅक्सीच्या मागे लागू नये. सेंट्रलच्या मुख्य इमारतीला लागूनच मूर मार्केट कॉम्प्लेक्स नावाचे उपनगरी स्थानक आहे. तिथून आवडी, तिरुवळ्ळूर आणि अरक्कोणमच्या दिशेने जाणाऱ्या लोकल सुटतात. औद्योगिक वसाहतीसाठी पट्टरवाक्कम आणि अंबत्तूर ही दोन्ही स्थानके सोयीची आहेत. कंपनी कोणत्या बाजूला आहे हे आधी फोनवर विचारून घ्यावे, कारण वसाहत मोठी आहे आणि जलद लोकल प्रत्येक स्थानकावर थांबत नाही. पेटी जड वाटत असेल, तर पुढचा टप्पा रिक्षाने करावा. भाडे ॲपवर पाहून ठरवले तर वाद होत नाही. मेट्रो सेंट्रलखालूनच जाते, ती स्वच्छ आणि वक्तशीरही आहे, पण गिंडी किंवा विमानतळाकडे जायचे असेल तरच तिचा उपयोग. अंबत्तूरसाठी लोकलच बरी.

भाषेची धास्ती घेऊ नका. कंपनीत इंग्रजीत काम भागते, आणि कारखान्यांत बिहार-ओडिशाकडचे कामगार बरेच असल्यामुळे शॉप फ्लोअरवर हिंदीही ऐकू येते. रस्त्यावर मात्र हिंदीने सुरुवात करू नये. मोडक्यातोडक्या इंग्रजीला अधिक आपुलकीने उत्तर मिळते, असा माझा अनुभव आहे. आपण बेळगावकर असल्यामुळे कानडी कानाला सवयीची आहे, तिचा थोडा आधार होतो आणि थोडा घोटाळाही. ‘एष्टु’च्या (किती) जागी ‘एव्वळवु’, ‘ऊटा’च्या (जेवण) जागी ‘साप्पाडु’ इतके लक्षात ठेवले तरी पुरे. मी एकदा कानडी समजून ‘तण्णी’ म्हणजे थंड असे धरून बसलो होतो. तिथे ते पाणी निघाले, आणि तेही कोमट.

कपड्यांचेही सांगतो. आपल्याकडच्या हवेला सरावलेला माणूस तिथे अर्ध्या तासात भिजतो. भेटीचा शर्ट पिशवीत वेगळा ठेवावा आणि कंपनीजवळ पोहोचल्यावर बदलावा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जात असाल, तर छत्री बरोबर हवीच, कारण तिथला मुख्य पाऊस तेव्हाचा असतो.

शहापूरची लेखापाल:

पेटीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. वातानुकूलित तृतीय श्रेणीत आणि स्लीपरमध्ये प्रत्येकी चाळीस किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते, त्यामुळे आपल्या वजनाचा प्रश्न नाही. मात्र व्यापारी माल वैयक्तिक सामान म्हणून डब्यात नेण्यास परवानगी नसते. आपले नमुने विक्रीचे नाहीत, हे दाखवणारा कागद हाताशी असावा: आपल्या लेटरहेडवर डिलिव्हरी चलन करावे, त्यात नगांची संख्या, अंदाजे मूल्य आणि ‘केवळ तपासणीसाठी, विक्रीसाठी नाही’ असा उल्लेख करावा, आणि कंपनीच्या बोलावण्याच्या ईमेलची प्रत जोडावी. पेटी लहान आणि कुलूप लावलेली असावी. कुलूप नसलेले सामान स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये घेत नाहीत.

वातानुकूलित वर्गाचे तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी क्रमांक भरण्याची जागा असते, ती बहुतेक जण रिकामी सोडतात. ती भरली, तर त्या कराचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेता येते. लॉजच्या बिलाचे तसे नाही. तिथे तमिळनाडूचा राज्य जीएसटी लागतो आणि आपली नोंदणी कर्नाटकातली असल्यामुळे त्याचे क्रेडिट मिळत नाही. म्हणून खोलीचा दर विचारताना करासह विचारावा आणि तोच हिशोबात धरावा.

उद्यमबागकर:

सर्वांचे मनापासून आभार. गंजाचा अनुभव वाचून लगेच नमुने पुन्हा उघडले. मीही वर्तमानपत्रच वापरले होते. आणखी एकच विचारतो: राणी चन्नम्माला बुधवारी वेटिंग दाखवत आहे. ते कन्फर्म होण्याची वाट पाहावी का?

निपाणीकर:

वाट पाहू नये. ती गाडी मिरजेकडून येते, बेळगावला तिचा कोटा मर्यादित असतो. बेळगावहूनच सुटणारी बंगळूर सुपरफास्ट आधी पाहावी. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगवरच राहिले, तर ते आपोआप रद्द होते, आणि ऐन रात्री पेटी घेऊन आपण फलाटावर उभे राहतो. तिथेही जागा नसेल, तर आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित वर्गाचे तत्काळ उघडते. आयआरसीटीसीचे खाते आधारशी आजच जोडून ठेवावे, त्या वेळी जोडत बसलात तर जागा गेलेली असेल.

उद्यमबागकर:

सुपरफास्टला तृतीय श्रेणीत दोन जागा शिल्लक होत्या, त्यातली एक घेतली. गुरुवारी दुपारच्या शताब्दीचेही तिकीट काढून दोन्ही पीएनआर जोडले आहेत. आता व्हीसीआय कागद आणायला निघतो.