जांबोटी रस्त्याला कुठली: मीटिअर, क्लासिक की ॲव्हेंजर?

कणकुंबी_लाईन

बेळगावात आरामात बसून चालवायची गाडी घ्यायची म्हटलं की तीच तीन नावं फिरून फिरून येतात: रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५०, त्याच घरची क्लासिक ३५० आणि बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२०. माझं मत आधीच सांगतो, मीटिअर घ्या. पटत नसेल तर मुद्द्याने खोडून काढा.

मीटिअर आणि क्लासिकचं इंजिन एकच. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, टॉर्क (ओढण्याचा जोर) २७ न्यूटन मीटर. तेव्हा इंजिनावरून वाद घालण्यात वेळ जातो, बाकी काही नाही. फरक बसण्यात आहे. मीटिअरची सीट ७६५ मिमी, क्लासिकची ८०५. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला हे चार सेंटीमीटर शनिवार खुटाच्या गर्दीत कळतात. मागे माणूस बसलेला, पुढे रिक्षा अचानक थांबलेली, आणि १९१ किलोची गाडी एका पायाच्या चवड्यावर धरायची. दोन्ही टाचा टेकत असतील तर गाडी कलंडत नाही.

दुसरं चाकांचं. अलॉय (एकसंध ओतीव चाक) आणि ट्यूबलेस असेल तर जांबोटी रस्त्यावर कणकुंबीच्या पुढे पंक्चर झालं तरी किटमधली पट्टी ठोकायची, छोट्या पंपाने हवा भरायची, पंधरा मिनिटांत वाट धरायची. स्पोक (तारांचं चाक) आणि ट्यूब असेल तर मागचं चाक काढा, टायर उतरवा, ट्यूब बाहेर ओढा. रात्री त्या जंगलात हे करायला कोण येणार? व्हेरियंट ठरवताना वॉल्व्ह बघा: रिममधून आखूड रबरी वॉल्व्ह आलेला असेल तर बहुतेक ट्यूबलेस, बारीक लांब धातूचा आणि त्याला नट असेल तर आत ट्यूब आहे असं धरा.

ॲव्हेंजर स्वस्त आणि हलकी आहे, पण एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम न होऊ देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला, मागे साधा ड्रम ब्रेक. वर १५ इंची मागचं चाक, ते खड्ड्यात पडणारच.

माळमारुती_गॅरेज

कणकुंबी अण्णा, टाचा टेकणं गाडी थांबल्यावर उपयोगाचं. चालत्या गाडीचं काय? मीटिअरचे फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे सरकवलेले आहेत. पाय पुढे गेले की अंगाचा सगळा भार माकडहाडावर. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे जे खड्डे पडतात त्यात प्रत्येक दणका सरळ मणक्यात जातो. क्लासिकचे पेग ढुंगणाखाली नसले तरी बरेच मागे आहेत, मांड्यांवर जोर देऊन सीटवरून दोन इंच उठता येतं, दणका गुडघे खातात. मीटिअरवर उठायचं तर हँडल ओढून उठावं लागतं, आणि ओल्या रस्त्यावर हँडल ओढलं की पुढचं चाक हलतं.

अलॉयचं कौतुक पण जरा जपून. मोठ्या खड्ड्यात जोरात आदळलं तर अलॉयची कड दबते, कधी तडा जातो आणि हवा बसत नाही. तडा गेलेला रिम वेल्डिंग करून चालवू नये, बदलायचाच. स्पोकचं चाक आउट झालं, म्हणजे वाकडं फिरायला लागलं, तर मेस्त्री तारा आवळून आउट काढून देतो, काम तासाभराचं. मधला मार्ग हवा असेल तर क्लासिकचं अलॉयवालं व्हेरियंट घ्या. बसणं क्लासिकचं, पंक्चर ट्यूबलेसचं.

वडगाव_२२०

ॲव्हेंजरवर अन्याय होतोय म्हणून लिहितो. "१५ इंची चाक खड्ड्यात पडतं" हे सगळे म्हणतात, हिशोब कोणी करत नाही. टायरवरचे आकडे घ्या. ॲव्हेंजरचा मागचा १३०/९०-१५. रुंदी १३० च्या ९० टक्के म्हणजे बाजूची उंची ११७ मिमी. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात दोन्ही बाजूचे ११७ मिळवा: ६१५ मिमी. मीटिअरचा १४०/७०-१७. बाजूची उंची ९८, रिम ४३२, बेरीज ६२८. सगळा मिळून फरक तेरा मिलिमीटर! शिवाय ॲव्हेंजरच्या टायरची भिंत उंच, म्हणजे हवा जास्त, दणका कमी.

वजन १६३ किलो, सीट ७३७. अंगणातल्या चढावर मागे ढकलायची वेळ येते तेव्हा अठ्ठावीस किलोचा फरक कमरेला कळतो.

कणकुंबी_लाईन

हिशोब बरोबर, मागच्या चाकाचं मी मागे घेतो. पण तोच हिशोब पुढच्याला लावा. ॲव्हेंजर ९०/९०-१७, म्हणजे साधारण ५९४ मिमी. मीटिअर १००/९०-१९, म्हणजे ६६३. खड्ड्यात आधी उतरतं ते पुढचंच चाक, आणि इथे सात सेंटीमीटर कमी पडतात.

शिवाय ॲव्हेंजरचा टॉर्क १७.५५, तोही ७००० आरपीएमला. मीटिअरला २७ मिळतो ४००० ला. चोर्ला घाट चढताना मागे माणूस आणि सामान असेल तर ॲव्हेंजरला सारखा गियर उतरवावा लागतो. उतरताना तर जास्त जपा: ओली पानं पडलेल्या वळणावर मागचा ब्रेक जोरात दाबला तर चाक जाम होतं, कारण मागे एबीएस नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिनवर उतरवायची आणि ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर संपवायचा.

निपाणी_हायवे

एवढं भांडण कशाला? थोडे पैसे वाढवा, सुपर मीटिअर ६५० घ्या. कोल्हापूरपर्यंत हायवेला तिच्यासारखी गाडी नाही.

माळमारुती_गॅरेज

हायवेला नाही हे कबूल. पण "थोडे पैसे" हे बरोबर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या इंजिनाला, म्हणजे ६५० ला, ४० टक्के. आणि कर्नाटकात एक लाखावरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के, वर सेस वेगळा.

दुसरं म्हणजे सुपर मीटिअरचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालचं अंतर) १३५ मिमी, आणि गाडी लांब. चिकोडी, रायबाग भागातले गावातले गतिरोधक काही ठिकाणी नुसते सिमेंटचे बांध आहेत. लांब गाडीचं पोट मधोमध टेकतं. मीटिअर, क्लासिकला १७० मिमी आहे. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागून २४१ किलोची गाडी पहिल्या गियरमध्ये रांगवणं हे पण एकदा करून बघा.

निपाणी_हायवे

टॅक्सवर उपाय आहे की. कोल्हापूरला पाहुण्यांच्या पत्त्यावर घ्यायची, एमएच-०९ नंबर.

वडगाव_२२०

हे कुणाला सुचवू नका. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की इथे नव्याने नोंदणी करावी लागते: एनओसी आणा, कर्नाटकचा कर भरा, मग महाराष्ट्राचा उरलेला कर परत मिळवायला खेपा घाला. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांपुढे खोट्या पत्त्याचं उत्तर काय देणार? केए-२२ (बेळगाव) असो की केए-२३ (चिकोडी), राहतो तिथल्या पत्त्यावरच घ्या.

कणकुंबी_लाईन

माळमारुती अण्णांच्या माकडहाडाच्या मुद्द्यावर परत येतो, कारण तो खरा आहे. मीटिअरचा त्रास पूर्ण जात नाही, कमी मात्र करता येतो. मागच्या दोन्ही शॉकला प्रीलोडच्या (स्प्रिंग कमी-जास्त कडक करायच्या) सहा पायऱ्या आहेत. एकट्याला खालची ठेवा. मागे माणूस आणि बॅग असेल तर टूलकिटमधल्या सी-स्पॅनरने वर न्या, दोन्ही बाजू सारख्या. न्यायचं विसरलात तर शॉक तळाला ठोकतो आणि दोष सीटला जातो. आणि २०२५ च्या मीटिअरला स्लिप-असिस्ट क्लच आलाय, आरपीडी क्रॉसच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या हाताला तेवढाच आराम.

तरी रोज खराब रस्ता आणि उंची पाच फूट सात इंचांच्या वर असेल तर अलॉयची क्लासिक बघा, हे मान्य.

माळमारुती_गॅरेज

मग टेस्ट राइड कशी घ्यायची तेही सांगून टाकू. शोरूमवाले चांगल्या रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात, त्यात काही कळत नाही. घरात जो मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. एखाद्या उंच गतिरोधकावरून वीसच्या स्पीडने जा आणि मागच्याला विचारा. हँडल पूर्ण डावीकडे वळवून बघा, उजवा हात ताणला जात असेल तर गल्लीत यू-टर्न घेताना रोज जड जाईल. इंजिन बंद करून गाडी चढावर दहा पावलं मागे ढकला. शेवटी सलग वीस-पंचवीस मिनिटं बसून राहा, उठताना कंबर काय म्हणते बघा. तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. आठवड्याच्या फरकाने चालवल्या तर आधीची आठवत नाही.