समुद्राला लागून घर घेण्याआधी

बडोद्याच्या दांडिया बाजारातला गोंगाट सोडून कोकणात दापोलीच्या बाजूला, अगदी समुद्राला लागून जागा घ्यावी, असं या चर्चेत सुचवलं गेलंय; ते मत अर्धं पटलं. संध्याकाळी रावपुऱ्यातून स्कूटर काढणं हल्ली नकोसंच होतं. तिकडचे दवाखाने, औषधं, शेजार यांवर इथे बरंच बोलून झालंय. पण किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमाबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी जिथवर पोचतं त्या रेषेपासून, २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. तिथल्या जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण बडोद्याहून जाऊन नवा बंगला बांधू म्हटलं तर जवळपास अशक्यच. एजंट हे सांगत नाहीत. म्हणून सातबारा पाहाल तेव्हा किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशाही मागा, आणि भरतीरेषा त्यावरच बघा.

माझं मत विचाराल तर जा, जरूर जा, पण समुद्रापासून थोडं आत, गावात घर घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आत्याच्या दापोलीजवळच्या आंजर्ल्यातल्या घराची कौलं उडाली, माडाच्या बागा आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. अशा वेळी हाकेच्या अंतरावर माणसं हवीत हो.